रेषा आणि मैदान

हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव सर हेन्री मॉर्टिमर ड्युरंड यांच्या नावाने या उपखंडात दोन गोष्टी मागे राहिल्या: एक सरहद्द आणि एक चषक. सरहद्द १८९३ मध्ये अमीर अब्दुर रहमान यांच्याशी झालेल्या करारान्वये ठरली आणि तिने एकाच पश्तून वंशाच्या माणसांना दोन अंमलांत वाटून टाकले. चषक तिच्याही आधीचा. १८८८ मध्ये सिमल्याच्या अ‍ॅनंडेल मैदानावर गोऱ्या पलटणींच्या करमणुकीसाठी तो प्रथम खेळला गेला आणि पहिला मान रॉयल स्कॉट्स फ्यूजिलियर्स पलटणीने मिळवला. पुढे १९४० मध्ये स्पर्धेचा मुक्काम दिल्लीला हलला आणि त्याच वर्षी मोहमेडन स्पोर्टिंग या कोलकात्याच्या संघाने रॉयल वॉरविकशायर पलटणीचा पराभव करून तो चषक पहिल्यांदा हिंदी हातांत आणला. २०१९ पासून सैन्यदलाने या स्पर्धेचे ठाणे कोलकात्यात नेले; आणि ३ सप्टेंबर २०२३ च्या रविवारी, स्पर्धेच्या १३२ व्या खेपेस, अंतिम सामन्यात मोहन बागान आणि ईस्ट बेंगल हे दोन संघ समोरासमोर उभे राहिले, ज्यांच्या वैराला त्याचा खरा अर्थ दुसऱ्याच एका इंग्रजाने आखलेल्या रेषेने दिला होता. ही गोष्ट मनात घोळत असतानाच मी कोलकात्याला जाण्याचे नक्की केले, आणि त्या सामन्याने मला जे दाखवले ते शक्य तितक्या नेमकेपणाने सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी कोल्हापूरचा. फुटबॉलच्या ईर्ष्येचे शिक्षण आम्हाला बालपणीच मिळते. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांची गाठ पडते तेव्हा पेठांपेठांतली दुकाने लवकर बंद होतात आणि ज्याला चेंडूशी काडीचेही कर्तव्य नाही तोही आपल्या पेठेच्या संघाचे नाव छातीवर लावून फिरतो. त्यामुळे दोन संघांच्या वैराचे मला नवल नव्हते. नवल याचे होते, की शंभर वर्षांच्या वयाचे, लाखो माणसांना गुंतवणारे आणि घराघरांतून वारसाहक्काने चालत आलेले एक वैर, ज्याने दंगेही पाहिले आणि मृत्यूही, ते अजून जिवंत कसे राहिले, आणि मुख्य म्हणजे ते राहावे असे उभय पक्षांना का वाटते.

२९ ऑगस्टला ईस्ट बेंगलने नॉर्थईस्ट युनायटेडवर टायब्रेकरमध्ये मात करून अंतिम फेरी गाठल्याचे कळताच मी पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसचे आरक्षण मिळवले. दुसरा उपांत्य सामना मोहन बागान आणि एफ. सी. गोवा यांचा, ३१ तारखेच्या संध्याकाळचा. म्हणजे गाडी सुटली तेव्हा अंतिम सामन्याचा दुसरा मानकरी अद्याप ठरायचा होता. डब्यात माझ्या समोरच्या बाकावर मडगावचा एक तरुण होता, खडगपूरच्या एका कारखान्यात नोकरीवर रुजू होण्यासाठी निघालेला. त्याच्या मोबाईलच्या लहानशा पडद्यावर आम्ही दोघांनी तो सामना नेटवर्क येईल-जाईल त्या बेताने पाहिला. गोव्याच्या नोहा सदाऊईने पहिला गोल केला तेव्हा त्या मुलाने माझा हात घट्ट धरला. कमिंग्सने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि उत्तरार्धात सादिकूने दुसरा गोल केला तेव्हा त्याने तो हात हळूच सोडला. बराच वेळ गप्प बसून मग तो म्हणाला, "काका, तुम्हाला तर पाहिजे तोच सामना मिळाला." ते खरे होते, तरी त्या रात्री मला त्याचेच दुःख अधिक जवळचे वाटले, कारण गोव्याने भारतीय फुटबॉलला साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स असे संघ दिले आहेत आणि तेथील गावागावांतून या खेळाची जोपासना आपल्या महाराष्ट्रापेक्षा किती तरी निष्ठेने झाली आहे. मुंबईच्या कूपरेजवर १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स चषकाची स्पर्धा या शतकाच्या आरंभीच आपण बंद पडू दिली. ज्या स्पर्धेसाठी कोलकात्याचे हे दोन्ही संघ एके काळी दोन रात्रींचा प्रवास करून येत, तिचे नाव आता आमच्या मुलांच्या कानांवरही पडत नाही, याची खंत प्रत्येक मराठी क्रीडाप्रेमीने बाळगावी अशीच आहे.

पहाटेच्या काळोखात हावडा स्थानक मागे टाकून पुलावरून पलीकडे गेलो. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात सामान ठेवून, थोडी विश्रांती घेऊन, प्रथम मैदानाकडेच निघालो. फोर्ट विल्यमच्या सभोवार पसरलेले ते विस्तीर्ण हिरवे क्षेत्र सैन्याच्या मालकीचे आहे, आणि जुन्या वहिवाटीप्रमाणे तेथे कोणालाही पक्क्या इमारतीचा अधिकार नसल्यामुळे कोलकात्याच्या थोर संघांची ठिकाणे अद्यापही 'तंबू' याच नावाने ओळखली जातात. त्या दिवशी दोन्ही तंबूंसमोर तिकिटांसाठी रांगा लागल्या होत्या. श्रावणातल्या सरीने चिखल झाला होता, बांबूंचे अडसर बांधून पोलिसांनी बंदोबस्त ठेवला होता, आणि रांगेतली माणसे एका हाताने छत्री व दुसऱ्या हाताने मातीच्या भांड्यातला चहा सावरीत, सरकत्या पावलांनी पुढे जात होती. एकीकडे हिरवा व गर्द तांबडा, दुसरीकडे लाल आणि सोनेरी. रंगांची एवढीच वाटणी, बाकी चेहरे, भाषा, घाम, उत्कंठा सारे एकच.

मोहन बागानची स्थापना १८८९ ची. २९ जुलै १९११ रोजी या संघाने आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर पलटणीला दोन विरुद्ध एक असे हरवले. त्या अकरा जणांपैकी एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात बूट होते, बाकीचे अनवाणी खेळले, आणि शिवदास भादुडी व अभिलाष घोष यांनी गोल केले, ही हकीकत बंगालमध्ये आजही नातवंडांना सांगितली जाते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच नियमांनी, सर्वांच्या देखत पराभूत करता येते याचा तो पहिला मोठा दाखला होता. मैदानाजवळच गोष्ठ पाल यांचा पुतळा आहे. मोहन बागानच्या बचावफळीचा हा आधारस्तंभ 'चीनची भिंत' म्हणून ओळखला जाई, आणि १९६२ मध्ये पद्मश्रीने गौरविला गेलेला तो पहिला फुटबॉलपटू. पुतळ्यापाशी उभा असताना मला सर्वांत अधिक जाणवले ते असे, की मोहन बागानचा हा मानबिंदू जन्माने फरीदपूरचा, म्हणजे पूर्व बंगालचा होता. जे वैर पुढे दोन प्रांतांचे म्हणून प्रसिद्ध पावले, त्यातील थोर पुरुष असे सरहद्दीच्या पलीकडचे निघतात.

ईस्ट बेंगलचा जन्म एका अपमानातून झाला. २८ जुलै १९२० रोजी जोडाबागान संघाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून शैलेश बोस या खेळाडूला वगळले. त्या संघाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी कैफियत मागितली, समाधानकारक उत्तर मिळाले नाही, आणि पूर्वेकडच्या माणसांना येथे न्याय नाही अशी खात्री पटून त्यांनी व त्यांच्या स्नेह्यांनी १ ऑगस्टला नवा संघ उभा केला. तेव्हा पूर्व बंगाल हा एक दिशावाचक भाग होता. ढाका, बरिशाल, मैमनसिंग येथून शिक्षणासाठी वा चाकरीसाठी आलेल्यांची ती अस्मिता होती आणि सुट्टी लागली की ती माणसे स्टीमर धरून गावी जाऊ शकत होती. १९४७ च्या जुलैत हिंदुस्थानात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या सर सिरिल रॅडक्लिफ यांनी जेमतेम पाच आठवड्यांत, नकाशे आणि खानेसुमारीचे आकडे समोर ठेवून, जी रेषा ओढली, तिने त्या अस्मितेचे रूप पालटून टाकले. संघाच्या नावातला मुलूख परक्या देशात गेला आणि संघ तेवढा इकडे उरला.

हे मला शियालदह स्थानकावर नीट उमगले. सामन्याच्या दिवशी मी मुद्दाम तेथूनच निघालो. फाळणीनंतरच्या वर्षांत याच फलाटांवर पूर्वेकडून आलेली कुटुंबे महिनोन्‌महिने राहिली. एका चटईवर संसार, वीट मांडून चूल, आणि निर्वासितांच्या नोंदवहीत आपले नाव लागावे म्हणून चाललेली धडपड. तेथून ती माणसे जादवपूर, विजयगड अशा दक्षिणेकडील पडीक जमिनींवर गेली आणि सरकारी हुकमाची वाट न पाहता त्यांनी वसाहती उभारल्या. त्यांच्यापाशी जमिनीचे खत नव्हते, गावचा दाखला नव्हता, पुष्कळांपाशी शाळा सोडल्याचे प्रमाणपत्रही नव्हते. अशा वेळी मैदानावर एक संघ त्यांच्या हरवलेल्या मुलखाचे नाव धारण करून खेळत होता, आणि १९४९ ते १९५१ अशी लागोपाठ तीन वर्षे आय. एफ. ए. शील्ड जिंकत होता. विशेष म्हणजे त्या विजयांचे शिल्पकार असलेले पाच आघाडीचे खेळाडू, अहमद खान, आप्पाराव, धनराज, सालेह आणि व्यंकटेश, हे दक्षिण भारतातले होते. पूर्व बंगालच्या पद्मा नदीचे पाणी त्यांनी कधी प्यायले नव्हते. तरीही निर्वासितांनी त्यांना आपले मानले. ज्यांची मायभूमी हिरावली गेली त्या माणसांनी रक्ताचा दाखला न विचारता आपले माणूस निवडले, ही मला त्या इतिहासातील सर्वांत उदात्त गोष्ट वाटते.

आता शियालदहच्या पोटातून मेट्रो धावते आणि फूलबागान मागे टाकून थोड्याच वेळात सॉल्ट लेक स्टेडियमला पोचवते. त्या दिवशी डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. लाल-सोनेरी अंगरख्यातला एक मुलगा आणि हिरव्या-तांबड्या अंगरख्यातली त्याची बहीण एकाच दांड्याला धरून उभी होती, आणि त्यांची आई दोघांच्या मधोमध, दोघांचेही दप्तर सांभाळीत होती. हे स्टेडियम, म्हणजेच विवेकानंद युवभारती क्रीडांगण, १९८४ मध्ये खुले झाले. येथेच १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात या दोन संघांचा खेळ पाहायला एक लाख तीस हजारांहून अधिक माणसे जमली होती, आणि बायचुंग भुतियाच्या तीन गोलांनी ईस्ट बेंगलने चार विरुद्ध एक असा विजय मिळवला होता. या वैराचे एक काळे पानही विसरता येत नाही: १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात दंगल उसळून सोळा प्रेक्षक प्राणास मुकले. आज प्रवेशद्वारांवर पोलीस पाण्याच्या बाटल्या आणि सुटी नाणीसुद्धा काढून घेतात, दोन्हीकडच्या प्रेक्षकांना स्वतंत्र वाटा देतात, त्यामागे ती स्मृती आहे.

माझे तिकीट ईस्ट बेंगलच्या बाजूचे होते. शेजारी साठी उलटलेले एक गृहस्थ बसले होते, लाल-सोनेरी मफलर उकाड्यातही गळ्यात गुंडाळलेले. मी महाराष्ट्रातून आलो हे कळल्यावर त्यांनी आपल्या कागदातली झालमुडी पुढे केली. मी रीतीप्रमाणे त्यांचे घर विचारले. ते म्हणाले, "बरिशाल." मग किंचित थांबून हिंदीत पुढे सांगितले, की ते स्वतः जादवपूरला जन्मले, बरिशाल त्यांनी पाहिलेले नाही, वडिलांनी मात्र गावातल्या घराच्या मागचा ओढा, त्यावरचा सुपारीच्या खोडांचा साकव आणि ओलांडून गेल्यावर लागणारी शाळा यांचे वर्णन इतक्या वेळा केले होते, की डोळे मिटले तर आपण वाट चुकणार नाही. "आणि हे," मैदानाच्या पलीकडच्या हिरव्या बाजूकडे बोट करून ते म्हणाले, "हे लोक आम्हाला अजून बांगाल, म्हणजे पूर्वेकडचे, म्हणतात. दादा, ते म्हणतात तोवर आमचे गाव आहे."

मी या वाक्याचा विचार करीत असतानाच खेळ सुरू झाला. बारा ऑगस्टला, याच स्पर्धेच्या साखळी फेरीत, नंदकुमार शेखरच्या एकमेव गोलाने ईस्ट बेंगलने साडेचार वर्षांनंतर प्रथमच मोहन बागानला हरवले होते. त्यामुळे आमच्या बाजूला आशेला उधाण आले होते. कार्लेस क्वाद्रात यांनी बांधलेला ईस्ट बेंगलचा बचाव शिस्तीचा होता, आणि हुआन फेर्रांदो यांच्या मोहन बागानपाशी अधिक नामांकित खेळाडू होते. पूर्वार्धात कोणालाच गोल करता आला नाही. उत्तरार्धात, बासष्टाव्या मिनिटाला, उंच चेंडूसाठी पाय उचलताना अनिरुद्ध थापाचा बूट सिवेरिओच्या तोंडाला लागला. पंचांनी दुसरे पिवळे आणि मागोमाग लाल कार्ड दाखवले. मोहन बागानचे दहाच खेळाडू उरले. आमच्या बाजूने जो घोष उठला त्याने सिमेंटच्या पायऱ्या पायाखाली थरथरल्या. शेजारचे गृहस्थ मात्र उठले नाहीत, मफलरचे टोक मुठीत धरून ते नुसते पाहत राहिले.

त्यानंतर नऊच मिनिटांनी, जेव्हा ईस्ट बेंगलचे खेळाडू पुढे सरकले होते आणि गोल आता आमचाच होणार असे सर्वांना वाटत होते, तेव्हा मोहन बागानचा ऑस्ट्रेलियन खेळाडू दिमित्री पेत्रातोस चेंडू घेऊन उजवीकडून धावत सुटला. तो आत वळला, त्याच्या आणि गोलच्या मध्ये दोन बचावपटू होते, आणि चौकटीच्या बाहेरूनच त्याने डाव्या पायाने असा फटका मारला की प्रभसुखन गिलने झेप घेतली तरी चेंडू जाळ्यात गेला. पलीकडची अर्धी वर्तुळाकार बाजू हिरव्या-तांबड्या धुराने भरून गेली. त्यानंतरचा सर्व वेळ ईस्ट बेंगल हल्ले चढवीत राहिले आणि दहा माणसांचा मोहन बागान आपल्या चौकटीपुढे भिंत घालून उभा राहिला; उंच येणारा एकेक चेंडू विशाल कैथ या गोलरक्षकाने उचलून छातीशी घेतला. हा कैथ शिमला जिल्ह्यातील रोहरूचा, काही काळ पुण्याच्या संघातूनही खेळलेला. ज्या डोंगरांत या चषकाचा जन्म झाला तेथल्याच मुलाने शेवटी त्याचे रक्षण केले, आणि स्पर्धेतील उत्कृष्ट गोलरक्षकाचा मानही त्यालाच मिळाला.

एक विरुद्ध शून्य. मोहन बागानचा हा सतरावा ड्युरंड चषक. तोवर दोघांचेही सोळा-सोळा होते. याआधीच्या अंतिम सामन्यांत १९६० आणि १९८२ मध्ये दोघांनी तो वाटून घेतला होता, आणि २००४ मध्ये दिल्लीत ईस्ट बेंगलने तो दोन विरुद्ध एक असा जिंकला होता. नंदकुमार शेखर या पराभूत संघाच्या खेळाडूला स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिक मिळाले, तेव्हा आमच्या बाजूने त्या संध्याकाळची शेवटची टाळी वाजली.

पुष्कळ जण निघून गेले. माझे शेजारी गेले नाहीत. विजेत्यांना तीन चषक दिले जातात: फिरता ड्युरंड चषक, सिमल्याच्या नागरिकांनी १९०४ मध्ये दिलेला सिमला चषक, आणि १९५६ पासूनचा राष्ट्रपती चषक. तिन्ही चषक मोहन बागानच्या हाती जाईपर्यंत ते गृहस्थ उभे होते. थांबण्याचे कारण मी विचारले. ते म्हणाले, की त्यांची पत्नी उत्तर कोलकात्याच्या घोटी घराण्यातली, म्हणजे मूळ पश्चिम बंगालची. आज रात्री मेव्हण्याच्या घरी कोळंबी शिजेल आणि जेवणाचे बोलावणे येईल. पूर्वेकडच्यांचा मासा इलिश, पश्चिमेकडच्यांची कोळंबी, आणि जो जिंकेल त्याच्या घरी त्याचे पक्वान्न, हा तेथील शिरस्ता आहे. बारा ऑगस्टला मेव्हण्याने त्यांच्या घरी येऊन इलिश खाल्ला होता. आज यांनी जायचे. "चषक घेताना पाहिले नाही तर तिथे जाऊन बोलू काय?" त्यांनी विचारले आणि मफलर नीट घडी घालून पिशवीत ठेवला.

परतीच्या वाटेवर मला त्यांच्या आधीच्या वाक्याचा उलगडा होत गेला. ड्युरंड आणि रॅडक्लिफ यांच्या रेषा ज्यांच्या घरांवरून गेल्या त्यांना कोणी विचारले नव्हते. अशा रेषेने घर गमावलेल्या माणसाला पुढे आयुष्यभर पुरावा मागितला जातो, आणि त्याच्यापाशी पुरावा म्हणून आठवणीखेरीज काही नसते. आठवण तर पिढीगणिक पुसट होत जाते. तिला साक्षीदार लागतो. मोहन बागानच्या पाठीराख्यांनी शंभर वर्षे, प्रत्येक सामन्यात, कधी प्रेमाने, कधी हिणवून, समोरच्याला 'तुम्ही पलीकडचे' असे बजावले आहे, आणि त्या बजावण्यानेच ते पलीकडचे गाव नातवंडांपर्यंत शाबूत पोचले आहे. उलट, समोर ईस्ट बेंगल नसते तर १९११ च्या विजयानंतर मोहन बागान ही एक आदरणीय संस्था होऊन राहिली असती. दर मोसमात आपले मोठेपण नव्याने सिद्ध करण्याचे कर्तव्य तिच्यावर कोणी लादले असते? प्रतिस्पर्धी हा माणसाच्या अस्तित्वाचा सर्वांत विश्वासू साक्षीदार असतो, कारण त्याला आपली स्तुती करण्याची गरज नसते, आणि तरीही तो आपली दखल घेतल्यावाचून राहू शकत नाही.

मैदानावरही रेषा असतात. मध्यरेषा, चौकट, सीमा. पण त्या उभय पक्षांच्या संमतीने आखलेल्या असतात, त्या दोघांनाही सारख्याच लागू असतात, आणि मध्यंतरानंतर दोन्ही संघ आपापल्या बाजू बदलून एकमेकांच्या जागी उभे राहतात. राज्यकर्त्यांच्या रेषांनी जे कधी केले नाही ते या चुन्याच्या रेषा दर सामन्यात करून दाखवतात. आमच्या कोल्हापुरात पेठांच्या सामन्यांनंतर दगडफेक होते, संघांवर बंदी घालण्याची भाषा होते, तेव्हा शहाणी माणसे म्हणतात की ही ईर्ष्याच नको. मला ते पटत नाही. ईर्ष्या हवीच, पण समोरच्या पेठेचा संघ नाहीसा झाला तर आपल्या पेठेचे नावही कोणी मोठ्याने घेणार नाही, हे ज्ञान तिच्याबरोबर हवे. कोलकात्याने ते सोळा जणांच्या मृत्यूनंतर, फार मोठी किंमत देऊन मिळवले आहे. आपण ते फुकट घेऊ शकतो, आणि त्यासाठी दक्षिणेश्वर, बेलूर आणि जोडासाँको पाहायला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने एक संध्याकाळ या दोन संघांच्या सामन्यासाठी अवश्य राखून ठेवावी. शक्य तर हरणाऱ्या बाजूला बसावे आणि चषक दिला जाईपर्यंत जागा सोडू नये.